शालनताईंचा तळमजला

"शालनताई फार क्षमाशील होत्या," असं परवा त्यांच्या शोकसभेत मंदाताई माइकवरून म्हणाल्या आणि मी खुर्चीतून अर्धी उठलेच. क्षमाशील? शालनताई? अहो, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मलाही कळतं, पण म्हणून भलत्याच बाईबद्दल बोलायचं? शेजारणीनं पदर ओढून मला खाली बसवलं म्हणून त्या सभेची शोभा राहिली. बसता बसताच मी ठरवलं, हे लिहून काढायचं. शालनताईंच्या नावावर चुकीची नोंद राहता कामा नये. त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या नोंदी दुरुस्त केल्या.

नोकरीच तशी होती. जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत बसायच्या त्या. "माझ्याकडे मेल्याशिवाय नाहीतर जन्मल्याशिवाय कुणी येत नाही," म्हणायच्या, "आणि ज्याचं काम आहे तो स्वतः कधीच येत नाही." निवृत्त झाल्या तरी खिडकीतला तो स्वर काही गेला नाही. शनिवार पेठेत आमच्या समोरच्याच दारात राहायच्या. बेल वाजवली की दार उघडण्याआधी आतून "काम काय?" असा प्रश्न यायचा. ठेंगणी, काटक मूर्ती. जिना चढताना टाचा अशा आपटायच्या की मला घरात बसून कळायचं, आज स्वारी कुणावर तरी चिडलीय.

त्यांच्या घरात दोन गोष्टी कधी संपायच्या नाहीत. एक लिंबाचं लोणचं आणि दुसरा राग. दोन्ही मुरवायच्या. "मी विसरत नाही," असं अगदी शांतपणे सांगायच्या, "आणि माफ तर मुळीच करत नाही. ते खातं देवाकडे आहे. त्यालाही काहीतरी काम नको का?"

पण सूड घ्यायची त्यांची रीत जगावेगळी होती. भांडण नाही, अबोला नाही. उपकार करायच्या! वरच्या मजल्यावरच्या बाई रोज ओले कपडे वाळत घालून ह्यांच्या गॅलरीतल्या पापडांवर पाणी ठिबकवायच्या. एकदा सांगून झालं, दुसऱ्यांदा सांगून झालं. पुढे त्याच बाईंचा पाय मोडला. शालनताईंनी रोज दुपारी डबा नेला. ताजी पोळी, वरण-भात, कोशिंबीर, कशात काही कमी म्हणून नाही. डबा समोर ठेवायचा आणि गोड आवाजात विचारायचं, "दोरी अजून तिथंच आहे ना हो?" बाईंच्या घशात घास अडकायचा. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात दोरीही निघाली. पुतण्यानं मुंजीला बोलावलं नाही, तर त्याच्या वास्तुशांतीला ह्या सगळ्यांत भारी आहेर घेऊन गेल्या आणि पाण्याचा घोटही न घेता परत आल्या. तो पुतण्या त्यांना बघितलं की रस्ता बदलायचा. "शिव्या दिल्या की समोरचा म्हणतो, फिट्टंफाट," हे त्यांचं तत्त्वज्ञान. "चांगलं करून ठेवलं की बसतो आयुष्यभर जळत."

आता मंगळागौरीकडे येते, कारण सगळं रामायण तिथं घडलं. श्रावणात पुण्यात कुणाकडे नव्या सुनेची मंगळागौर असली की खेळ खेळायला बायकांचे ग्रुप बोलावतात. आमचाही एक ग्रुप होता. नऊवारी नेसून झिम्मा, पिंगा, फुगड्या घालायच्या आणि बघायला आलेल्या बायकांनाही ओढायचं. मंदाताई ग्रुपच्या प्रमुख. आवाज खणखणीत, कार्यक्रम आखावा तर त्यांनीच. पूर्वी त्याही खेळायच्या, पण अलीकडे फक्त माइक धरून गाणी म्हणायच्या. मी मागच्या रांगेतली, भरती. आणि शालनताई म्हणजे ग्रुपचं नाक. साठी उलटलेली, पण उकिडवं बसून एकेक पाय पुढे फेकत बसफुगडी घालायला लागल्या की पोरी मोबाइल घेऊन धावायच्या. "आजी काय फायर आहेत यार!" असं एक जण किंचाळली, तर ह्या खेळता खेळताच म्हणाल्या, "आजी तुझी घरी असेल. मी शालन."

आमच्या ग्रुपमध्ये एक नियम होता, कुणी न केलेला. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून पाणी प्यायचं नाही. निघायच्या आधी प्रत्येक बाई दोन-दोनदा बाथरूमला जाऊन यायची, "सवय मेली," असं पुटपुटायची आणि दुसरीच्या तोंडाकडे बघायची नाही. प्रत्येकीला वाटायचं, ही भानगड आपल्या एकटीचीच.

मग तो कार्यक्रम आला. मंदाताईंनी त्या वर्षी ग्रुपला मोतिया रंगाच्या नऊवारी घ्यायला लावल्या होत्या. फिकट रंग. शालनताई बसफुगडीला बसल्या, दोन-चार उड्या झाल्या आणि उठल्या तेव्हा मागे काष्ट्यावर हा एवढा ओला डाग. मी मागच्या रांगेत होते, मला तो आधी दिसला. मी पुढे होऊन आडोसा करणार तेवढ्यात मंदाताई माइकवर म्हणाल्या, "आमच्या शालनताईंना आता विश्रांतीची गरज दिसतेय. वय कुणाला चुकलंय? जोरदार टाळ्या!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो. काही जणी हसल्या. शालनताई ताठ मानेनं चालत आत गेल्या. मी मागोमाग गेले तर आरशासमोर उभ्या राहून केसातली पिन काढत होत्या आणि परत खोचत होत्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर मीही मंदाताईंना जाऊ दे म्हटलं असतं. पण संक्रांतीला मंदाताईंच्या घरी हळदीकुंकू होतं. प्रत्येकीला वाण म्हणून स्टीलची वाटी. शालनताईंची ओटी भरताना मंदाताईंनी कागदात गुंडाळलेलं मोठं पुडकं काढलं. "तुमच्यासाठी मुद्दाम वेगळं आणलंय हं!" आणि सगळ्यांसमोर उघडायला लावलं. मोठ्या माणसांचे डायपर. "तुमच्या उपयोगाचं असावं, वाटी काय सगळेच देतात," असं वर हसून म्हणाल्या. तिळगूळ घ्या, गोड बोला! मला तर वाटलं समोरचा अत्तरदाणीचा ट्रे उचलून त्या बाईच्या डोक्यात घालावा.

शालनताईंनी पुडकं नीट गुंडाळलं, मंदाताईंना उलट हळदकुंकू लावलं, आणि "छान आहे वाण" म्हणून निघाल्या. जिना चढून आम्ही दोघी आपापल्या दारापाशी आलो तेव्हा पहिल्यांदा त्यांचा आवाज चिरकला. "सुनंदा, मी येत्या श्रावणात बसफुगडी घालणार. त्याच लुगड्यात, तिच्या डोळ्यांसमोर. आणि कोरडी उठणार. मग तिचं बघते."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी मोबाइलवर व्यायाम शोधून सुरू केले. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळायचे, एवढंच त्यांना समजलं. मग काय, आवळलं! दात आवळले, मुठी आवळल्या, पोट आत खेचलं, श्वास कोंडून लालबुंद झाल्या. महिनाभर हे युद्ध चाललं आणि गळणं उलट वाढलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी त्यांना लक्ष्मी रोडच्या एका बोळात फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. सोबत मी.

ती मुलगी अमरावतीची. तिनं पडद्याआड नीट तपासलं आणि म्हणाली, "काकू, तुम्ही तर सगळा राग जबड्यात धरून राहिल्या ना. खाली काहीच नाही. उलट तुम्ही जोर खाली लावून राहिल्या." शालनताईंना कुणी चूक दाखवली की त्या आधी समोरच्याची चूक शोधायच्या. पण इथं काही सापडेना, म्हणून ऐकून घेतलं. मुलीनं समजावलं, वारा सरायची भीती वाटली की आपण जिथं धरतो, तिथंच धरायचं. आत आणि वर उचलायचं. पोट सैल, मांड्या सैल, श्वास चालू. "समजा तळमजल्यावर लिफ्ट आहे. ती वर न्यायची, जराशी थांबवायची आणि हळूच पूर्ण खाली आणायची. सैल सोडणं पण तेवढंच महत्त्वाचं." खोकला किंवा शिंक यायच्या आधी लिफ्ट वर. पाणी तोडायचं नाही, लघवी घट्ट झाली की पिशवी जास्तच चिडते. घराबाहेर पडताना उगाच सवयीनं जायचं नाही. "तीन-चार महिने रोज करा. फरक पडतो बहुतेकींना. नाही पडला तर पुढचे उपाय आहेत, पण आधी हे."

"आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही," शालनताई खाली उतरताना म्हणाल्या, "मला तरी मिळाली एक."

तेव्हापासून त्या व्यायामाचं नाव तळमजला. कुठंही चालायचा. मंडईत वांगी निवडता निवडता त्या एकदम स्तब्ध व्हायच्या, नजर समोरच्या भोपळ्यावर. भाजीवाला म्हणायचा, "मावशी, बोला की, किती देऊ?" तर ह्या, "थांब रे, लिफ्ट वर आहे." तो बिचारा माझ्याकडे बघायचा. दगडूशेठला दर्शनाच्या रांगेत तळमजला, बस थांब्यावर तळमजला. त्यांच्या यजमानांना वाटलं, हिला उतारवयात ध्यान लागायला लागलं. त्यांनी माझ्याजवळ समाधानसुद्धा व्यक्त केलं! मी काय बोलणार, कपाळ?

रोज लिफ्ट वर नेताना कुणाचा चेहरा समोर आणता, असं मी एकदा विचारलं. "विचारतेस काय? तिचाच," त्या म्हणाल्या. "देवाचा आणून बघितला. जोर येत नाही."

चैत्र संपता संपता शालनताई हसायला लागल्या. म्हणजे मोकळ्या, तोंड उघडून. तोवर मला कळलंच नव्हतं की त्या इतकी वर्षं हसू दाबत होत्या. मग त्यांनी एक जगावेगळं काम केलं. आमच्या ग्रुपमधल्या एकेकीच्या घरी गेल्या, चहा घेतला आणि खिडकीतल्या आवाजात विचारलं, "तुझं गळतं का?" बायका आधी दचकल्या, मग रडल्या, मग बोलल्या. कुणाचं बाळंतपणापासून, कुणाचं पाळी गेल्यापासून. बाळाला उचलून घेता येत नाही म्हणून एकीनं नातवंडाच्या बारशाला जाणं टाळलेलं. माझंही गळायचं. लिहिलं, झालं. लाजायचं होतं तेवढं लाजून झालंय. शालनताईंनी सगळ्यांना त्या अमरावतीच्या मुलीकडे एकदा तपासायला नेलं आणि नंतर दर गुरुवारी दुपारी त्यांच्या हॉलमध्ये आमचा वर्ग भरायला लागला. मंदाताईंना कुणी सांगितलं नाही. संक्रांतीच्या एका वाटीवर विकल्या गेलेल्या बायका हळूहळू ह्या बाजूला आल्या.

अशाच एका गुरुवारी सगळ्या गेल्यावर शालनताई मला म्हणाल्या, "ती माइकवर का गेली, कळलं मला."

"का?"

"आठव. शिंक आली की ती टेबल धरते आणि पायाला पाय लावते. सहलीला बसमध्ये कायम दाराजवळ बसते. उड्या मारणं बंद केलं आणि माइक घेतला. तिचाही तळमजला गेलाय. माझ्याआधी गेलाय."

म्हणजे स्वतःचं झाकायला त्या बाईनं शालनताईंना भर सभेत उघडं पाडलं! "आता काय करणार?" मी विचारलं.

"श्रावण येऊ दे," शालनताई म्हणाल्या. त्या वेळी त्यांचा चेहरा मला आवडला नाही, खरं सांगते. आणि आवडलाही.

श्रावणातल्या दुसऱ्या मंगळवारी आमच्या ग्रुपला एका कार्यालयात बोलावणं होतं. ग्रुपमधून मंदाताईंनी शालनताईंना कधीच वगळलं होतं, पण नवऱ्या मुलाची आई शालनताईंची ऑफिसातली मैत्रीण. त्यामुळे त्या पाहुणी म्हणून आल्या. तेच मोतिया लुगडं. माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "आत काही लावलेलं नाही. पॅड नाही, कपडा नाही." माझाच जीव वर-खाली. दारात दिलेलं पन्हं त्यांनी सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत प्यायलं.

पाहुण्यांना खेळात ओढायची वेळ आली तशा त्या आपणहून मध्ये आल्या आणि बसफुगडीला बसल्या. ढोलकीवाली थांबली, मग भानावर येऊन तिनं धरला ठेका. मी फक्त लुगड्याकडे बघत होते. उड्या, आणखी उड्या, गिरकी घेऊन आणखी. उठल्या. सबंध कार्यालयाकडे पाठ करून सावकाश वळल्या. कोरडं! अगदी कोरडं ठणठणीत! मागच्या रांगेतून आम्ही अशा ओरडलो की लोकांना वाटलं कुणाला बक्षीस लागलं.

मला वाटलं, झालं. पण शालनताई सरळ मंदाताईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही हात पुढे केले. मंगळागौरीत फुगडीला पुढे आलेला हात परत पाठवत नाहीत, तसं केलं तर गौरीचा अपमान. मंदाताईंना हे पाठ, दरवर्षी त्याच माइकवरून सांगायच्या. "अहो, मला गाणं म्हणायचंय," त्या हसत म्हणाल्या. शालनताईंनी माइक त्यांच्या हातातून घेऊन माझ्याकडे दिला आणि म्हणाल्या,

"फुगडी खेळू ये गं, मागे नको राहू,
कोण आधी सुटतंय, तेवढं आज पाहू!"

बायकांनी टाळ्या धरल्या. हात गुंफले, पायाला पाय भिडले आणि फुगडी फिरायला लागली. काय फिरवली हो त्या बाईनं! मंदाताईंच्या चेहऱ्यावरचं हसू आधी ताणलं गेलं, मग गेलं. माइक घेऊन मी अगदी जवळ उभी होते म्हणून मला ऐकू आलं. "शालनताई, सोडा." आणखी एक गिरकी. "शालनताई, पाया पडते, सोडा हो. लोकांसमोर नको." शालनताईंची पकड तशीच. मोतिया रंगाची तीच नऊवारी मंदाताईंच्या अंगावर, समोर दोनशे डोळे आणि निम्मे मोबाइल. माझ्या मनात काय आलं सांगू? होऊ दे, असं आलं. भिजू दे तिला, असं आलं.

आणि शालनताई मोठ्यांदा ओरडल्या, "दमले गं बाई! हरले मी! मंदाताई जिंकल्या!" हात सोडले आणि धापा टाकल्याचं सोंग करत बाजूला झाल्या. लोकांनी मंदाताईंसाठी टाळ्यांचा कडकडाट केला. मंदाताई तोंडातल्या तोंडात काहीतरी बोलल्या आणि बारीक पावलं टाकत आत गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे लाल होते, लुगडं मात्र शाबूत.

रिक्षात मी भडकले. "सोडलंत का? हातात आली होती!"

शालनताई बाहेर बघत होत्या. "भिजली असती तर काय झालं असतं, सुनंदा? बायकांनी तिला पोटाशी धरलं असतं. मी दुष्ट ठरले असते. घरी जाऊन तिनं मला पोटभर शिव्या दिल्या असत्या आणि आठ दिवसांत मोकळी झाली असती." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता दे म्हणावं शिव्या. तिला त्या कधीच देता येणार नाहीत."

गणपती उठल्यावर एका दुपारी मंदाताई जिना चढून आल्या. मी दाराच्या फटीतून बघत होते, का बघू नये? शालनताईंनी दार उघडण्याआधी आतून विचारलं, "काम काय?" मंदाताई दारात उभ्या राहून ते सांगेपर्यंत दार उघडलं नाही. सगळं बोलायला लावलं, त्या जिन्यात, स्पष्ट शब्दांत. मग दार उघडलं. "चपला बाहेर. आणि आधी त्या मुलीकडे तपासून यायचं, मनानं करायचं नाही." दर गुरुवारी त्या येऊ लागल्या. आम्ही कुणी त्यांच्याशी धड बोलायचो नाही. शालनताई मात्र त्यांच्या शेजारी जमिनीवर बसून पोटावर हात ठेवून बघायच्या, पोट ताठ तर होत नाही ना. "श्वास धरू नका. आता सैल. घाई नको, पूर्ण सैल." मला तर त्या वेळी शालनताईंचाही राग यायचा.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते थंडीतल्या अशाच एका गुरुवारी. त्यानंतर त्या लेकीकडे बंगळुरूला गेल्या आणि तिकडेच झोपेत गेल्या. त्या दिवशी बाकीच्या बायका निघून गेल्या होत्या, मंदाताई बाहेर सतरंजीवर होत्या आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात चहा करत होतो. माझ्यानं राहवेना. "एवढं जीव तोडून शिकवता तिला? तिनं काय केलं होतं ते विसरलात?"

"विसरीन कशी?" त्या आलं किसत म्हणाल्या. "म्हणून तर नीट शिकवतेय. ती पूर्ण बरी झाली पाहिजे. लोकांना उचकी लागली की म्हणतात, कुणीतरी आठवण काढली. हिला शिंक आली की माझी आठवण झाली पाहिजे. मरेपर्यंत, प्रत्येक शिंकेला."

एवढ्यात बाहेर मंदाताईंना दणदणीत शिंक आली. शालनताईंनी गॅस बारीक केला.

"काय झालं हो?"

बाहेर सतरंजी सरकल्याचा आवाज आला. मग मंदाताई म्हणाल्या, "काही नाही झालं, शालनताई. काहीच नाही झालं!" आणि त्यांना रडू फुटलं.

शालनताई चहा गाळत राहिल्या. "तिचा कप जरा मोठा घे," त्या मला म्हणाल्या, "आणि काठोकाठ भर."